कुरवंड्याची उतरण

लगाम जरा सैल सोडा. घोडा अजून जमिनीला सरावलेला नाही. होर्मुझहून निघाल्यापासून कित्येक आठवडे त्याने गलबतात उभ्याने काढलेत. चौलला उतरवून आठ दिवस झाले, आज पाली गाठली, तरी उतारावर त्याचा मागचा पाय लटपटतोच. जेठाचं ऊन डोक्यावर आहे. अंबेचं पात्र आटून गोटे उघडे पडलेत. एका डोहात हिरवट पाणी साचलंय, तिथे तुम्ही त्याला पाणी दाखवता. तो हुंगतो आणि मान फिरवतो. तुम्ही मोतद्दार आहात. साल १४७० च्या आगेमागचं, आणि मुलूख बिदरच्या बहमनी सुलतानाचा.

घोड्याचा धनी मागून पायी येतोय. गोरापान माणूस, उन्हाने लाल झालेला. वाडीवाडीतली पोरं त्याच्या मागे लागतात, आणि बाया दारात येऊन उभ्या राहतात. त्याला याचं फार नवल वाटतं, हे तो पुढे लिहूनही ठेवणार आहे. त्याचं नाव अफानासी निकितिन, गाव रशियातलं त्वेर. व्होल्गा नदीतून व्यापाराला निघाला असताना आस्त्राखानजवळ तातारांनी त्याला लुटलं. परत जायचं तर डोक्यावर कर्ज, म्हणून तो पुढे निघाला आणि इराण ओलांडून होर्मुझला पोचला. हिंदुस्थानात घोड्याला भाव मिळतो असं ऐकून उरलंसुरलं सगळं त्याने या एका जनावरात घातलंय.

ज्या तातारांनी त्याला लुटलं ते चंगीझखानाच्या नातवांनी उभ्या केलेल्या राज्याचे वारस. म्हणजे पालीच्या रस्त्यावर घोडा हाकणाऱ्या तुमच्यापर्यंत मंगोलांची झळ पोचलीच, फक्त अडीचशे वर्षं उशिरा. हे सांगायला ना निकितिनला तुमची भाषा येते, ना तुम्हाला त्याची. मला मात्र इथे थांबून ती मूळ गोष्ट सांगितलीच पाहिजे, कारण पुढे या डोंगरात जे घडतं त्याची मोजपट्टी तीच आहे.

अरल समुद्राच्या दक्षिणेला ख्वारझम नावाचा प्रांत होता. अनुश्तेगीन नावाचा तुर्क गुलाम सेल्जुक सुलतानाच्या घरी हात धुवायच्या तस्ताची चाकरी करायचा. १०७७ च्या सुमारास त्याला ख्वारझमची सुभेदारी मिळाली. त्याच्या वंशजांनी धनी बदलले, धन्यांना बुडवलं, आणि १२०० मध्ये गादीवर आलेल्या अलाउद्दीन मुहंमदाने कॅस्पियन समुद्रापासून गझनीपर्यंतचा मुलूख एका छत्राखाली आणला. राज्यकर्ते तुर्क, पण दप्तर, दरबार आणि शायरी सगळी फारसी. १२१८ मध्ये ओत्रारच्या किल्लेदाराने चंगीझखानाकडून आलेला साडेचारशे व्यापाऱ्यांचा काफिला हेर ठरवून कापला आणि माल लाटला. पुढच्या वर्षी मंगोल आले. शाहाकडे फौज कमी नव्हती. पण ती मैदानात एकत्र आणली तर आपलेच सरदार उलटतील या धास्तीने त्याने ती शहराशहरांच्या तटात वाटून टाकली. १२२० च्या फेब्रुवारीत बुखारा गेलं, मार्चमध्ये समरकंद, पुढल्या वर्षी राजधानी गुरगंज. शाहा पळत पळत कॅस्पियनमधल्या एका बेटावर जाऊन मेला. त्याचा मुलगा जलालुद्दीन मात्र तटात बसला नाही. काबूलच्या उत्तरेला परवानच्या खडकाळ, अरुंद खोऱ्यात, जिथे मंगोल घोड्यांना पसरायला जागा नव्हती, तिथे त्याने त्यांना हरवलं. तिथून सिंधूकाठी रेटला गेला तेव्हा त्याने घोड्यासकट नदीत उडी घेतली.

तट आणि खोरं, या दोन गोष्टी ध्यानात ठेवा. आता घोडा चढणीला लावा.

जुन्नरला पोचता पोचता पाऊस सुरू होतो, आणि तुमच्या धन्याचा घोडा तिथला अंमलदार असदखान काढून घेतो. आमच्या धर्मात ये, घोडाही देतो आणि वर हजार मोहरा, असं म्हणतो. एक खुरासानी गृहस्थ मध्ये पडतो तेव्हा जनावर परत मिळतं. हा खुरासानी उगाच इथे नाही. बहमनी दरबारात इराणकडून आलेल्यांचा एक मोठा गट आहे, आणि त्यातला सर्वांत मोठा माणूस म्हणजे गिलानचा महमूद गवान, सुलतानाचा वजीर. त्याच्या विरोधात दख्खनी सरदारांचा गट, आणि त्यात मलिक हसन नावाचा एकजण. हा मूळचा पाथरीच्या कुलकर्ण्याच्या घरातला ब्राह्मण, विजयनगरच्या मोहिमेत पकडला गेला, बाटवला गेला, गुलाम म्हणून वाढला आणि चढत चढत निजाम-उल-मुल्क झाला. १४८१ मध्ये खोट्या पत्राच्या आरोपावरून महमूद गवानचं डोकं उडालं, त्या कटात याचा हात होता. पाच वर्षांनी त्याचाही खून झाला.

त्याचा मुलगा मलिक अहमद जुन्नरला होता. तस्तवाल्याचा वंश ख्वारझमचा शाहा होतो, पाथरीच्या कुलकर्ण्याचा नातू अहमदनगरचा सुलतान होतो. या फारसी रीतीच्या राज्यांत गुलामाला वर जायला जितकी मोकळीक होती, तितकी आपल्या गावगाड्यात कुळवाड्याच्या पोरालाही नव्हती. हे आवडो न आवडो, मान्य करायला हवं.

आता तुम्ही १४८५ च्या सुमारास कर्जतच्या अंगाला, कोंडिवड्याच्या शिवारात उभे आहात. समोर राजमाचीची दोन शिखरं, तिच्या पोटात कोंडाण्याची जुनी लेणी, आणि त्याच दरीतून उल्हास नदी उगम पावून तुमच्या पायाशी येते. राबाची भाजणी चाललीय. कवळं, शेण, पालापाचोळा थरावर थर रचून जाळलाय, आणि धूर घाटाच्या भिंतीला टेकून तसाच उभा आहे. त्या धुरातून लमाणांचे बैल उतरतात. वरून गहू आणि कापड खाली येतं, खालून मीठ, सुकी मासळी आणि तांदूळ वर जातो. घोडे फक्त चढतात, कारण ते बंदरातूनच येतात. या वाटेवर जो बसेल त्याच्या हाती जकात आणि घोडे दोन्ही.

मलिक अहमदला हे पक्कं कळलेलं आहे. डोंगरी किल्ल्यांवरच्या शिबंदीने, सुलतान लहान आहे, तो मोठा होईपर्यंत किल्ले सोडणार नाही, अशी सबब सांगितली. त्याने आधी शिवनेरी घेतली. तिथे महाराष्ट्राचा पाच वर्षांचा वसूल साठवलेला सापडला. त्या पैशावर लोहगड, तुंग, तिकोना, जीवधन, माहुली, पाली असे एकामागून एक गड त्याच्याकडे आले. म्हणजे तुमच्या डोक्यावरची सगळी धार. २८ मे १४९० ला त्याने बहमनी फौजेचा धुव्वा उडवला, स्वतःच्या नावाचा खुतबा वाचला, आणि १४९४ मध्ये भिंगारजवळ अहमदनगर वसवायला घेतलं. राज्य घाटाच्या धारेवर उभं राहिलं, पण राजधानी मात्र मैदानात गेली. पुढची दीडशे वर्षं या एका निर्णयाची किंमत मोजण्यात गेली, असं माझं मत आहे.

मधला काळ झपाट्याने ओलांडा. दुसऱ्या सुलतानाने, बुर्‍हाणने, इराणहून आलेल्या शाह ताहिरच्या प्रभावाखाली १५३७ मध्ये शिया पंथ स्वीकारला. दरबार फारसीत बोलू लागला, आणि खाली तुमच्या गावात पाटील-कुलकर्णी मोडीतच हिशेब लिहीत राहिले. चौल हे त्या राज्याचं मोठं बंदर, त्यालाच चिकटून पोर्तुगीजांचं ठाणं. १५७०-७१ मध्ये अहमदनगरच्या निजामशाहाने ते ठाणं घ्यायचा जंगी प्रयत्न केला, पण ते पडलं नाही.

याच सुमाराची एक गंमत मात्र सोडवत नाही. अहमदनगरच्या पेशव्याचं, म्हणजे मुख्य वजिराचं नाव होतं चंगीझखान. घाबरू नका, हा हबशी होता. चंगीझखान हा त्याचा किताब. ज्या नावाने समरकंद थरथरलं ते नाव दक्षिणेत दरबारी मान म्हणून मिरवलं जात होतं. १५७४ मध्ये या चंगीझखानाने वऱ्हाड जिंकून निजामशाहीला जोडला, आणि बक्षीस म्हणून त्याला धन्याकडून विष मिळालं. त्याने विकत घेतलेल्या गुलामांत इथिओपियाच्या डोंगराळ भागातला एक पोरगा होता. बगदादच्या बाजारातून आलेला, बुद्धीने तल्लख. त्याचं नाव अंबर.

खरे मंगोल-वंशज आता येतात. मोगल म्हणजे तैमूरचा वंश, आणि आईकडून चंगीझखानाचाही. १५९५-९६ मध्ये अकबराच्या फौजेने अहमदनगरच्या किल्ल्याला वेढा घातला आणि चांदबिबीने तो तटावर उभं राहून परतवला. १६०० मध्ये तिचा खून तिच्याच लोकांनी केला आणि ऑगस्टमध्ये किल्ला पडला. राज्य संपायला हवं होतं, पण संपलं नाही, कारण मलिक अंबर तटात बसला नाही. त्याने मराठा शिलेदार हाताशी धरले. मोगलांची रसद तोडायची, रात्री छावणीवर बाण सोडायचे, आणि समोर उभं राहायचं नाही. घाट ही त्याची पाठ होती. १६२४ ला भातवडीच्या लढाईत त्याने तळ्याचा बांध फोडून शत्रूच्या छावणीत चिखल केला आणि मोगल व विजापूरची आदिलशाही अशा दोन्ही फौजा एकदम हरवल्या. त्या लढाईत शहाजीराजे भोसले होते. १६२६ मध्ये अंबर गेला, १६३३ च्या जूनमध्ये दौलताबाद पडलं आणि लहानगा हुसेन निजामशाहा ग्वाल्हेरच्या कैदेत गेला.

शहाजीराजांनी हार मानली नाही. पेमगिरीवर त्यांनी निजामशाही घराण्यातलं आणखी एक पोर, मुर्तझा, गादीवर बसवलं आणि त्याच्या नावाने तीन वर्षं राज्य चालवलं.

१६३६. तुम्ही आता ठाकूर आहात, वाटाड्या. माथेरानच्या पोटाखालची दाट झाडी, पायात जळवा, आणि पाठीमागे राजांचं पथक. शहाजहान स्वतः दौलताबादला येऊन बसलाय. मे महिन्यात त्याने विजापूरकराशी तह केला, आणि निजामशाही वाटून घ्यायचं दोघांनी ठरवलं. एका बाजूने मोगलांचा खानजमान, दुसऱ्या बाजूने आदिलशाहीचा रणदुल्लाखान. राजे घाट चढतात, उतरतात. दंडा-राजपुरीच्या सिद्दीकडे आसरा मागतात, तो नकार देतो. तिथून ते मुरंजनकडे येतात. मुरंजन म्हणजे प्रबळगड, चौकच्या समोर आडवा पसरलेला तो पठारी डोंगर. तुम्ही त्यांना ओढ्याच्या अंगाने वर नेता. माणसं दमलेली, घोड्यांचे नाल निघालेले. एक घोडा दगडावर पाय ठेवतो, ठिणगी उडत नाही, खुराचा नुसता खरखराट होतो. त्या आवाजावरून तुम्हाला कळतं की हे फार दिवस चालणार नाही.

चाल चालू होती तोवर राजे कोणाच्या हाती लागले नाहीत. पण बरोबर एक पोर सुलतान होता, त्याचा कुटुंबकबिला, शिवाय खजिना. एवढं घेऊन रानोमाळ किती फिरणार? शेवटी ते माहुलीवर गेले आणि दोन्ही फौजांनी गडाला वेढा घातला. जिजाऊ आणि सहा वर्षांचे शिवाजीराजे त्या वेढ्यात होते असं सांगतात. पावसाळ्यानंतर तह झाला, मुर्तझा मोगलांच्या हवाली झाला, शहाजीराजे आदिलशाहीत गेले. शिवनेरीच्या तिजोरीवर सुरू झालेली निजामशाही माहुलीच्या दरवाजात संपली. कल्याणपासून खालचा हा सगळा मुलूख विजापूरकडे गेला. तुमच्या ठाकूरवाडीत धनी बदलल्याचं कळलं ते पुढच्या सुगीला, वसुलाचा माणूस निराळा आला तेव्हा.

ते सहा वर्षांचं पोर काय शिकलं ते पाहायला आणखी पंचवीस वर्षं पुढे चला.

तुमच्या पाठीवर पखाल आहे. २ फेब्रुवारी १६६१, माघ शुद्ध चतुर्दशी. मोगल सरदार शाइस्ताखान पुण्यात लाल महालात मुक्काम ठोकून आहे. आदल्या पावसाळ्यात त्याने चाकणचा भुईकोट छप्पन्न दिवस झुंजून घेतला, आणि एका लहानशा कोटापायी इतके दिवस आणि इतकी माणसं जातात हे बघून तो गडांच्या वाटेला जाईनासा झाला. त्याऐवजी त्याने कोकणात फौज पाठवली. तिचा सरदार कारतलबखान, जातीने उझबेक. चारशे वर्षांपूर्वी शाहाची फौज जिथे तटातटांत वाटली गेली त्या ख्वारझम-समरकंदच्या मुलखात आता उझबेकांचं राज्य आहे, आणि बाबराला समरकंदातून हुसकणारे तेच. त्यांच्यातला एक आज बाबराच्या वंशजाच्या चाकरीत कुरवंड्याचा घाट उतरतोय.

तळेगाव, वडगाव, मळवली, लोहगडाच्या खालून कुरवंडे. नागफणीचा सुळका डाव्या-उजव्या अंगाला दिसत राहतो, आणि मग जमीन संपते. उतरण अशी की घोडेस्वार पायउतार होऊन लगाम धरून चालतात. बैल बसतात, उठत नाहीत. पखालीचं कातडं तुमच्या पाठीला चिकटलंय, आणि ते आता हलकं झालंय. माथ्यावर भरून घेतलेलं पाणी निम्म्या उतारावरच संपलं. खालून एक स्वार हाक मारतो, "अरे भिश्ती!" तुम्ही पखालीचं तोंड सोडून दाखवता. चार थेंब गळतात. तो ते ओंजळीत धरतो आणि घोड्याच्या ओठांना लावतो.

खाली चावणीच्या रानात वाट अरुंद होते. दोन्ही अंगांना टेकाडं, मधे नळीसारखी खिंड, हीच उंबरखिंड. काटेसावरीला फुलं आलीत, बाकी झाडी निष्पर्ण आणि तरी दाट. वारा पडलेला. फौजेत रायबागन आहे, माहूरच्या उदाराम देशमुखांच्या घरची सावित्रीबाई, औरंगजेबाने जिला हा किताब दिला ती. ती घोड्यावरून टेकाडांकडे बघत येते. जाधवराव आहेत, कोकाटे, गाढे आहेत. म्हणजे ही मोगल फौज म्हणताना अर्ध्याहून जास्त नावं तुमच्या ओळखीची.

मग पहिली बंदूक वाजते. कुठून, ते कळत नाही. बाण वरून येतात आणि तुमच्या पुढचा बैल गुडघ्यांवर कोसळतो. मागची माणसं पुढे रेटतात, पुढची मागे फिरू बघतात. खिंडीत घोडा वळवायला जागा नाही, तलवार उपसली तर शेजाऱ्याला लागते. फौज हजारोंची आहे, पण लढायला जेमतेम पहिली रांग. तुम्ही पखाल डोक्यावर घेता. रिकाम्या कातड्याचा तेवढाच आडोसा.

कवींद्र परमानंदाने शिवभारतात हा सगळा प्रसंग लिहून ठेवलाय. कारतलबखानाला शहाणपण सांगितलं ते रायबागनने. शिवाजीच्या रानात शिरलास तिथेच चूक झाली, आता जीव वाचवायचा असेल तर शरण जा, असा त्या सल्ल्याचा मथितार्थ. खानाने वकील पाठवला. महाराजांनी अभय दिलं, अट एकच: असेल ते सगळं इथे ठेवून जायचं. सामान, घोडे, शस्त्रं, खजिना.

तुम्ही पखाल खाली ठेवता आणि रिकाम्या हातांनी चढणीला लागता. पाणी खिंडीबाहेरच मिळतं.

महाराज त्या दिवशी कुठल्याही गडावर नव्हते, हे मला या लढाईतलं सर्वांत मोठं वाटतं. माहुली, अहमदनगर, चाकण, हे सगळे तट होते, आणि ते पडले. परवान, भातवडी, उंबरखिंड, इथे शत्रूला आपल्या जमिनीवर ओढलं. परवानच्या लढाईचा त्या माणसाला पत्ताही नसणार. त्याला त्याची गरजही नव्हती. बापाची सहा महिन्यांची पळापळ त्याने पाहिली होती, आणि मलिक अंबराची रीत घरातच होती. अर्थात जलालुद्दीन एक लढाई जिंकून शेवटी हरला, कारण लूट वाटण्यावरून त्याचे सरदार भांडून निघून गेले. इकडे खिंडीतली लूट जमा झाली, आपले सरदार नेताजी पालकर यांना मोगलांवर नजर ठेवायला मागे ठेवलं, आणि महाराज दाभोळ-संगमेश्वराकडे निघाले.

उंबरखिंड पाहायची तर खोपोली-पाली रस्त्यावरून शेमडीला वळून चावणीला जा. अंबेच्या काठाला समरभूमीचं स्मारक आहे. पावसाळ्यात नदी भरून वाहते, म्हणून दिवाळीनंतर जा, आणि जमलं तर गाडीने न जाता वाटाड्या घेऊन कुरवंड्यावरून उतरा. त्याशिवाय कारतलबखानाची चूक कळत नाही.

आणि परतताना चौकला थांबा. नेताजी पालकर तिथले असं मानतात. आग्र्याहून महाराज निसटल्यावर औरंगजेबाने नेताजींना पकडलं, १६६७ मध्ये बाटवून मुहंमद कुलीखान केलं आणि काबूलच्या मोहिमेवर पाठवलं, म्हणजे जलालुद्दीनने जिथे मंगोलांना हरवलं त्या परवानच्या दाराशी. वाटेत लाहोरला त्यांनी पळून जायचा प्रयत्न केला, पण पकडले गेले. जवळजवळ नऊ वर्षांनी दक्षिणेच्या मोहिमेवर त्यांना पुन्हा आणलं तेव्हा ते छावणी सोडून महाराजांकडे आले, आणि १६७६ मध्ये प्रायश्चित्त देऊन महाराजांनी त्यांना परत नेताजी पालकर करून घेतलं.